वस्तुसंग्रहालयातील निरूपण

नेवासे तालुक्यातील घोडेगाव हे नगरहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावरचे गाव असून जनावरांच्या बाजाराविषयी त्याची दूरवर ख्याती आहे. बैलाचे खांदे, शिंगे आणि चाल पाहून त्याचे मोल ठरविणारी माणसे येथे पुष्कळ. अशा गावाचा आणि कलावस्तूंच्या संग्रहालयाचा संबंध काय, असे कोणी विचारील. तो संबंध दाखविणे व त्यावरून एका उपेक्षित लोकसेवेकडे सुशिक्षित कुटुंबांचे लक्ष वेधणे, एवढाच आमचा हेतू आहे.

याच जिल्ह्यात प्रवरेच्या डाव्या तीरावर दायमाबाद नावाचे प्राचीन वसतिस्थान आहे. तेथे 1974 साली एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणीत असता काशाच्या चार भरीव मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला, उभ्या पुरुषाने हाकलेला रथ. चारींचे मिळून वजन 60 किलोंहून अधिक. पुढे रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेला व उरलेल्या तीन मूर्ती मुंबईच्या संग्रहालयात ठेवण्यात आल्या. ज्या भूमीने त्या जपल्या, तेथील माणसाने त्या पाहावयाच्या तर मुंबई किंवा दिल्ली गाठली पाहिजे. बरे, गाठली तरी त्यास दिसते काय? काचेपलीकडे चार आकृती व खाली दोन ओळींची चिठ्ठी. पुढच्या दालनात गर्दी असते, मुले कंटाळलेली असतात आणि पाच पळांत तो पुढे सरकतो.

ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. भायखळ्याचे संग्रहालय 1872 साली लोकांस खुले झाले. मुंबईतील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम 1922 साली उघडले व 1998 साली त्यास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. अशा स्थळांस आपल्या लोकांनी ‘अजबखाना’ हे नाव दिले, त्यात मोठे मर्म आहे. लोक तेथे थक्क होण्यास जात; समजून घेण्याची सोय क्वचितच असे. युरोप-अमेरिकेतही हीच स्थिती होती. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे चिटणीस बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी प्रेक्षकास वाकून, मान मोडून वस्तू पाहाव्या लागतात हे छायाचित्रांनिशी दाखवून 1916 साली ‘संग्रहालयातील थकवा’ या विषयावर निबंध लिहिला. त्यापूर्वीच, 1907 साली, त्या संस्थेत ‘डोसंट’ म्हणजे शिकविणारा, या नावाने मार्गदर्शक काम करू लागले होते. ब्रिटिश म्युझियमने 1911 साली पगारी व्याख्याता-मार्गदर्शक नेमला. अमेरिकेत मात्र हे काम पुढे बहुतांशी बिनवेतन स्वयंसेवकांकडे आले.

परंतु हे पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून आम्ही सुचवीत नाही. घोडेगाव ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या गावी, नेवाशास, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. संस्कृतात बंद असलेली वस्तू देशी भाषेत, समोरच्या श्रोत्यास ओळखीचे दृष्टांत देऊन उलगडणे, यालाच आपण निरूपण म्हणतो. काचेच्या कपाटात बंद असलेल्या वस्तूसही तेच हवे आहे.

आता आक्षेप. कोणी म्हणेल की, हौशी माणूस वाटेल त्या दंतकथा सांगून अनर्थ करील. आक्षेप खरा आहे आणि दायमाबादच्या मूर्तीच त्याचे उत्तम उदाहरण होत. त्या पद्धतशीर उत्खननात, थराथरातून मिळालेल्या नाहीत. म्हणून त्यांच्या काळाविषयी वाद आहे. कित्येक पंडित त्या उत्तर-हडप्पा काळच्या मानतात; धातूतील सोमलाचे प्रमाण पाहून काहींनी त्याविषयी शंका घेतली आहे. ‘चार हजार वर्षांपूर्वीच्या’ असे छातीठोकपणे सांगून टाळ्या मिळविणारा मार्गदर्शक प्रेक्षकाची फसवणूकच करतो. उलट, वाद काय आहे, तो का आहे आणि वस्तू कोणत्या थरात सापडली हे कळण्यास एवढे महत्त्व का, हे जो समजावून देतो, त्याच्या श्रोत्याच्या शेतात उद्या काही निघाले तर तो ते जागच्या जागी ठेवून जाणत्यास कळवील. निरूपणाचे हे फळ थोडे नव्हे. यास्तव स्वयंसेवकास आधी काही महिने शिक्षण द्यावे, परीक्षा घ्यावी आणि मगच दालनात उभे करावे.

दुसरे असे की, मार्गदर्शकाने केवळ बोलू नये, विचारावेही. घोडेगावच्या बाजारात जन्म घालविलेला शेतकरी त्या रथापुढे उभा राहिला, तर जू कसे ठेवले आहे, बैल कोणत्या बांध्याचे आहेत, रेड्याची शिंगे कशी वळली आहेत, याविषयी त्याचे मत आमच्यासारख्या पुस्तकी माणसाहून अधिक मोलाचे ठरेल. आज गेंडा नसलेल्या या मुलुखात कारागिराने गेंडा कोठे पाहिला, हा प्रश्न तोच प्रथम विचारील. लहान मुलास मात्र नेवाशाची गोष्ट सांगावी. तेथे डॉ. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले, तेव्हा पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तिच्या दोऱ्यात कापूस व रेशीम असल्याचे तज्ज्ञांस आढळले. ती माळ कोणी ओवली असेल, एवढेच विचारावे. पुढचे मूल स्वतः बोलेल.

आपल्या मध्यमवर्गात सेवानिवृत्त शिक्षक, विदुषी गृहिणी व महाविद्यालयीन विद्यार्थी यांची वाण नाही. त्यांपैकी काहींनी आठवड्यातील दोन तास आपल्या शहरातील संग्रहालयास द्यावेत आणि खेड्यातील शाळेची सहल येईल त्या दिवशी आवर्जून हजर राहावे. घोडेगावची मुले मुंबईस जातील तेव्हा त्या तीन मूर्ती आपल्याच जिल्ह्याच्या मातीतून निघाल्या, हे त्यांस सांगणारे कोणीतरी तेथे उभे असले पाहिजे.