दर महिन्याला अर्धा इंच

'रिलॅक्सर' या शब्दात रिलॅक्स होण्यासारखं काहीही नाही. घट्ट कुरळे केस कायमचे सरळ करणारं हे रसायन. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या कित्येक पिढ्यांनी ते दर सहा-आठ आठवड्यांनी डोक्याला लावलं, टाळूची आग सहन केली. २००० नंतर मात्र त्यातल्या खूप जणी ते सोडायला लागल्या. सोडल्यापासून सगळे केस पुन्हा मूळचे होईपर्यंतच्या काळाला तिकडे 'ट्रान्झिशनिंग' म्हणतात. माझे स्वतःचे केस कुरळे ('अगं, लग्नाला जरा विंचरून तरी यायचंस' हे ऐकत मोठी झालेय), त्यामुळे या विषयाच्या मागे लागले आणि दोन वीकांत त्यातच गेले.

सुरुवात एका खटपट्या माणसापासून. गॅरेट मॉर्गन, क्लीव्हलँडमधला शिलाई मशिनं दुरुस्त करणारा कृष्णवर्णीय कारागीर. १९०९ च्या सुमारास तो सुईसाठी वंगण बनवत होता. हात पुसलेल्या लोकरी कापडाचे तंतू सरळ झालेले त्याला दिसले, असं सांगतात. मग त्यानं ते शेजाऱ्याच्या कुत्र्यावर लावून बघितलं आणि नंतर स्वतःवर. टेस्टिंगचा क्रम बरोबर होता म्हणायचा! १९१३ पासून त्याची केसांच्या क्रीमची कंपनी चालली. याच माणसाला १९२३ मध्ये ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट मिळालं.

पण सरळ केस हवेतच कशाला? कारण कुरळ्या केसांवर पहारा फार आधीपासून होता. १७८६ मध्ये लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरनं, एस्तेबान मिरोनं, स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस रुमालाखाली झाकावेत असा हुकूम काढला. बायकांनी रुमाल बांधले, पण इतके रंगीत आणि ऐटदार की हुकमाचा हेतूच फसला. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली तरी 'चांगले केस' म्हणजे सरळ केस हे समीकरण राहिलं, कारण नोकरी देणारे तेच होते. पुरुषही यातून सुटले नाहीत. माल्कम एक्सच्या १९६५ च्या आत्मचरित्रात बटाटे, अंडी आणि कॉस्टिक सोडा कालवून घरी केलेल्या लेपाचं वर्णन आहे. १९५४ मध्ये शिकागोच्या जॉर्ज जॉन्सननं हेच काम डबाबंद उत्पादनातून सुरू केलं. गंमत म्हणजे साठच्या दशकात अॅफ्रोची लाट आली तेव्हा अॅफ्रोसाठीचं 'अॅफ्रो शीन'ही त्याचीच कंपनी विकत होती. धंदा तो धंदा.

आता रसायनशास्त्र, थोडंसंच. केसातल्या केराटिनला गंधकाच्या जोड्या आकार देतात. कॉस्टिक सोडा त्या जोड्या तोडतो आणि त्यातला एक गंधक बाहेर काढतो. तो परत बसवता येत नाही. कंट्रोल-झेड नाही. मुळातून नवा कुरळा केस येईल तेवढाच, महिन्याला साधारण अर्धा इंच. बारा इंच केस पूर्ण बदलायचे तर दोन वर्षं. तोवर एकाच केसाचं टोक सरळ आणि मूळ कुरळं, आणि जिथे ते दोन्ही भेटतात तिथे केस सगळ्यात कच्चा. तुटतो तो तिथेच.

या काळातली सगळी निगा त्या जोडासाठी असते. केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या फणीनं, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवायचा. नव्या मुळांना सरळ टोकांशी जुळवायला रोज इस्त्री फिरवली तर नवे केसही जातात. म्हणून उलटं करतात: वेण्या किंवा पीळ घालून सरळ टोकांनाच लाटा आणतात. वेणी फार घट्ट घातली तर कपाळाकडचे केस उपटतात, ते वेगळंच. सरळ टोकं थोडी थोडी कापत जायची. रात्री सॅटिनचा रुमाल, कारण सुती उशी केसाला घासते आणि ओलावा शोषते. आपल्या आज्यांची तेलानं चंपी इथे पुरत नाही, आधी पाणी लागतं, तेल वरून. ज्यांना धीर नसतो त्या सरळ भाग एकदम कापून टाकतात, त्याला 'बिग चॉप' म्हणतात.

यात वेणी हा काही निव्वळ हौसेचा भाग नाही, आणि म्हणूनच १९८१ चा निकाल मला जास्त लागला. रेनी रॉजर्स ही अमेरिकन एअरलाइन्सची कर्मचारी. कामावर बारीक वेण्या घालायला तिला बंदी होती, ती कोर्टात गेली. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टानं कंपनीची बाजू घेतली. मुद्दा काय, तर अॅफ्रो निसर्गतः उगवतो, वेणी घातलेली असते! अशा केशरचनांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा पहिला राज्य कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ मध्ये. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात संमत झालं, सिनेटमध्ये अडकलं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा ३३,४९७ स्त्रियांवरचा अभ्यास आला. सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण रिलॅक्सर न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के, आणि वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघालं. हा संबंध आहे, सिद्ध झालेलं कारण नव्हे, पण सोडणाऱ्यांना आणखी एक कारण मिळालं.

बाय द वे, आपल्या पार्लरमधलं रिबाँडिंग म्हणजे हे नव्हे, त्यात सहसा थायोग्लायकोलेट असतं. पण तिथेही सरळ झालेला भाग परत पहिल्यासारखा होत नाही, मुळं वाढायची वाटच बघावी लागते. आणि ही दोन रसायनं एकावर एक लावली तर केस हातात येतात.