१७८० चा थेलर आणि मुंबईची टांकसाळ

बेगडेवाडी (मावळ) येथील एका संग्राहकांजवळ रुप्याचीं दोन परदेशी नाणीं आम्हांस पाहावयास मिळालीं. गांवाच्या नांवांत बेगड असली तरी चांदी अस्सल आहे.

पहिलें नाणें ब्रिटिश व्यापारी डॉलर होय. पूर्वेकडील व्यापारासाठीं हा इ. स. १८९५ पासून १९३५ पर्यंत पाडला गेला. वजन ४१६ ग्रेन, चांदी हजारीं ९००. एका बाजूस त्रिशूळ व ढाल धारण केलेली ब्रिटानिया. दुसरीस मध्यें दीर्घायुष्यवाचक चिनी अक्षर, आणि मूल्य चिनी व मलायी भाषांत. त्रिशूळाच्या मधल्या अग्रावर भिंगानें ‘बी’ हें इंग्रजी अक्षर दिसलें, तेव्हां नाणें मुंबईचें ठरलें. १९३५ सालचीं बहुतेक नाणीं वितळविलीं गेल्यामुळें तें साल दुर्मिळ, व म्हणूनच संशयास पात्र आहे.

दुसरें नाणें ऑस्ट्रियाची राणी मरिया थेरेसा हिचा थेलर. यावर १७८० हें साल स्पष्ट आहे, आणि येथेंच पुष्कळ संग्राहक फसतात. राणी त्याच सालीं वारली. परंतु अरबस्तान व हबसाण येथील व्यापारी हाच मुखवटा ओळखीत, त्यामुळें पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ तेंच साल घालून नाणीं पाडलीं गेलीं. १९३५ मध्यें व्हिएन्नाचे ठसे इटलीस मिळाले. त्यानंतर लंडन, पॅरिस येथेंही थेलर पडूं लागले, आणि महायुद्धांत १९४०-४१ सालीं खुद्द मुंबईच्या टांकसाळींत! लेखक जुन्या पोथीची नक्कल करतांना मूळच्या पुष्पिकेंतील शकही उतरून घेतो, तसाच हा प्रकार. पोथीचा काळ आपण कागद व अक्षरवळण पाहून ठरवितों. येथें राणीच्या उरावरील पदकाचे मोती व गरुडाच्या शेपटींतील पिसें मोजावीं लागतात. बेगडेवाडीच्या थेलरास कडी डांकलेली असल्यानें, आणि तो घासून गुळगुळीत झाल्यानें, त्याची टांकसाळ सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. व्हेनिसच्या मोहरांची पुतळ्यांची माळ झाली, त्याच वाटेनें हाही गळ्यांत गेला असावा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हे. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानें शंभर वर्षांचें नाणें पुरावस्तु ठरतें. तेव्हां १७८० चा म्हणून जपलेला मुंबईचा थेलर अद्याप त्या वयाचा नाहीं, आणि १८९५ चा डॉलर मात्र आहे. संग्राहकांनीं निदान चिंचेनें व राखेनें नाणीं उजळणें सोडावें. झिजलेलें पीस पुन्हां मोजतां येत नाहीं.