रॅम डिस्क आणि इन्स्टॉलेशनमधील अडथळे

रॅम डिस्क : रॅमचा काही भाग राखून ड्रायव्हरच्या मदतीने उभी केलेली आभासी डिस्क. तिचा वेग विलक्षण. पण वीज गेली किंवा संगणक रीस्टार्ट झाला, की तिच्यावरचे सारे पुसले जाते. आयबीएमने 1984 मध्ये पीसी-डॉस 3.0 सोबत ‘व्हीडिस्क’ हा असा ड्रायव्हर दिला होता.

अशा डिस्कमुळे कधी कधी इन्स्टॉलर अडतो. विंडोज 98 ची स्टार्टअप फ्लॉपी मेमरीत सुमारे 2 एमबीची रॅम डिस्क तयार करून तिच्यात साधने उलगडत असे. त्यामुळे सीडी ड्राइव्हचे अक्षर एका घराने पुढे सरके आणि ‘डी’वर सेटअप शोधणारा गोंधळून जाई, सीडी ‘ई’वर असे.

आजचा घोळ वेगळा आहे. टेम्प फोल्डर रॅम डिस्कवर ठेवला, तर रीस्टार्टनंतर लागणाऱ्या फाइल्स नाहीशा होतात आणि अपग्रेड अर्ध्यावर मोडते.

उपाय क्रमाने करावेत. आधी टेम्प फोल्डर खऱ्या डिस्कवर न्यावा, मग रॅम डिस्कचा ड्रायव्हर काढून संगणक रीस्टार्ट करावा. तरीही अडल्यास विंडोजच्या ‘पँथर’ फोल्डरमधील लॉग वाचावा.

मात्र रॅम डिस्क मुळात इन्स्टॉलरची शत्रू नाही. विंडोजचा सेटअप स्वतः मेमरीतल्या ‘एक्स’ ड्राइव्हवरून चालतो. लिनक्सही आरंभी मेमरीतली ‘इनिटरॅमएफएस’ ही फाइलप्रणाली वापरते. तिच्यात हार्ड डिस्कचा आवश्यक ड्रायव्हर नसेल, तर मूळ विभाजन सापडत नाही आणि संगणक सुरू होतानाच थांबतो.