घरातला प्रतिस्पर्धी

परवा भाच्यानं रस्त्यावरच्या एका गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "मामा, एमजी म्हणजे काय?" म्हटलं, मॉरिस गॅरेजेस. मूळ ऑक्सफर्डचं, आता हे नाव चीनच्या सैक कंपनीकडे आहे. त्याचं तेवढ्यावर समाधान झालं. माझं मन मात्र १९६२ सालात जाऊन बसलं.

त्या वर्षी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी बाहेर पडली. उघडी, दोघांपुरती, १.८ लिटर इंजिनाची. तिच्यासमोर आदल्याच वर्षी आलेली ट्रायम्फची टीआर-४ उभी होती. दोघींच्या दारांना आता खाली-वर होणाऱ्या काचा होत्या. आधीच्या एमजीएला त्याही नव्हत्या. एमजीबीनं तर वेगळी चासी सोडून सांगाडा आणि बॉडी एकच केली होती. समोर तोडीस तोड कुणी असलं, की गाड्या अशा सुधारत जातात.

मग १९६८ आलं. विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड जन्मली आणि एमजी व ट्रायम्फ एकाच घरात आल्या. कालचे प्रतिस्पर्धी आज भाऊ. भावांत वाटण्या कशा होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

१९६९ मध्ये जपानहून डॅटसन २४०झेड आली. सहा सिलिंडर, २.४ लिटर, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. अमेरिकेत किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. एमजीबी स्वस्त होती खरी, पण मागे तोच अखंड अ‍ॅक्सल आणि त्याच पाट्यांच्या स्प्रिंगा. त्या तिनं शेवटपर्यंत वागवल्या.

जपान्यांनी इंग्रजांच्या स्पोर्ट्स कार संपवल्या, असं मीही बरीच वर्षं मानत होतो. आता तसं वाटत नाही. अ‍ॅबिंग्डनच्या मंडळींनी इंजिन मधोमध असलेल्या नव्या गाडीवर काम केलं होतं. ते १९७० मध्ये गुंडाळलं गेलं. पुढे पैसा ट्रायम्फच्या टीआर-७ वर लागला. एमजीबीच्या वाट्याला काय? अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ मध्ये काळे रबरी बंपर आणि जमिनीपासून वाढवलेली उंची. वळणावरची तिची पकड त्यानं बिघडली.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डननं तिथल्या एमजीच्या पन्नाशीचा सोहळा केला. तो आटोपतो न आटोपतो तोच कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. आदल्या दिवशी मिरवणूक, दुसऱ्या दिवशी नोटीस... त्या कामगारांना काय वाटलं असेल? ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बनली. एकूण पाच लाखांहून जास्त झाल्या होत्या. लाडकी टीआर-७ सुद्धा १९८१ मध्ये संपलीच.

बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यानं एमजीबीला नुसतं मागे टाकलं. धावायचं बंद केलं ते घरच्यांनी.

असो. भाच्याला एवढं सांगायचं राहून गेलं. वाचत असशील, तर हे उरलेलं उत्तर.