मॉरिशसचे परतीचे तिकीट

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेस, मॉरिशस नावाचे एक चिमुकले राष्ट्र आहे. त्याच्या मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर. भारतातून तेथे सहलीस जाणाऱ्यास आगाऊ व्हिसा काढण्याचा खटाटोप करावा लागत नाही. मुदतीतला पासपोर्ट, परतीचे तिकीट, उतरण्याच्या जागेचा दाखला आणि खर्चापुरता पैसा एवढे दाखविले म्हणजे विमानतळावर प्रवेशाचा शिक्का बसतो. यांतील परतीच्या तिकिटाचा अर्थ उघड आहे. पाहुणा मुदतीत माघारी जाईल, याची ती हमी होय. परंतु याच बेटावर एके काळी भारतीयांना जे कागद दिले जात, त्यांचा हेतू नेमका उलट होता.

१८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकून घेतले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली आणि उसाच्या मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली. तिच्यावर तोड म्हणून भारताकडे पाहण्यात आले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले होते. तेव्हापासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर आली. बिहार आणि मद्रास इलाख्यातील लोक त्यांत अधिक. पण मुंबई बंदरातून निघालेली मराठी कुटुंबेही त्यांत होती.

या भरतीतील फसवणुकीचा बभ्रा झाल्यामुळे तत्कालीन हिंदुस्थान सरकारने ती काही काळ बंद ठेविली. १८४२ मध्ये कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून ती पुन्हा सुरू झाली. त्या वेळी मजुराला पाच वर्षांनंतर फुकट परतीच्या प्रवासाचे अभिवचन होते. शतकाच्या मध्यास तेही काढून घेण्यात आले. मजूर परत न जाता मळ्यावरच राहावा, यातच मळेवाल्यांचे हित होते.

१८४९ मध्ये पोर्ट लुईच्या किनाऱ्यावर मजुरांसाठी डेपो उभारला गेला. त्याच्या सोळा दगडी पायऱ्या चढून आलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळे. यापुढे सरकारदरबारी तीच त्याची ओळख. करार संपला तरी कागदाचा जाच संपत नसे. १८६७ च्या कायद्याने करारमुक्त झालेल्या भारतीयावरही छायाचित्राचे तिकीट आणि पोलिसांचा पास बाळगण्याची सक्ती केली. भाजीपाला पिकवून स्वतंत्रपणे पोट भरणारा मनुष्यही कागदावाचून रस्त्यावर आढळला, तर भटक्या ठरून तुरुंगाची वाट धरी. पुन्हा मळ्याशी करार करणे, हाच बहुतेकांपुढे सुटकेचा मार्ग उरे.

या जुलमाविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ भारतीयांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपियन गृहस्थाने तो अर्ज तयार करण्यास मोठे साहाय्य केले आणि त्यापायी मळेवाल्यांचा रोष ओढवून घेतला. १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या चौकशीत मजुरांची गाऱ्हाणी खरी ठरली आणि १८७८ मध्ये मजुरांचा कायदा सुधारण्यात आला.

पुढे काळ पालटला. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले. आज तेथे गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. ज्या डेपोच्या पायऱ्यांवर मजूर उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. मजुरांचे क्रमांक, गावे आणि छायाचित्रे नोंदलेली दफ्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत. आपले मूळ गाव शोधणारी माणसे तेथे येतात.

मार्च २०२४ मध्ये मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनी भारताच्या राष्ट्रपतींनी तेथे एक घोषणा केली. मॉरिशसमधील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीसही परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड घेता येईल, अशी ती होती. हे कार्ड हाती असणाऱ्यास भारतात येण्यासाठी निराळ्या व्हिसाची गरज राहत नाही. अर्थात त्यासाठी पूर्वज भारतीय होता, हे सिद्ध करावे लागते. आणि तो पुरावा याच जुन्या दफ्तरांत सापडतो.

मजुराला बेटावर अडकवून ठेवण्यासाठी जो क्रमांक लिहिला गेला, तोच आता त्याच्या पणतवंडांना मायदेशाचे दार उघडून देत आहे. मूळ मजुराला नाकारलेले परतीचे तिकीट त्यांच्या हाती पडले खरे, पण त्यास पावणेदोनशे वर्षे लागली.