दोषसिद्धी, निरपराध्यांची

न केलेल्या गुन्ह्याबद्दल न्यायालयाने एखाद्या व्यक्तीस दोषी ठरवून शिक्षा देणे. चुकीची ओळख, कोठडीत मिळविलेला कबुलीजबाब, दडपलेला पुरावा व समर्थ वकिलाचा अभाव ही तिची नेहमीची कारणे होत. अपील हा दोषमुक्तीचा सर्वसामान्य मार्ग. तो संपल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये अशा प्रकरणांच्या फेरतपासणीसाठी १९९७ पासून स्वतंत्र आयोग आहे. भारतात तशी यंत्रणा नाही.

महाराष्ट्रातील एका खटल्यावरून या उणिवेची कल्पना येते. जून २००३ मध्ये दरोडा, बलात्कार व पाचजणांचे खून या आरोपांवरून भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडण्यात आले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांस देहान्त शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. सहा आरोपींपैकी एकजण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ मध्ये निष्पन्न झाले.

देहान्त शिक्षेविरुद्धच्या पुनर्विलोकन अर्जांची सुनावणी खुल्या न्यायालयात व्हावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. या मार्गाने प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष ठरले. घटनेतून बचावलेल्या स्त्रीने दोनच दिवसांनी पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपास मात्र झाला नाही. म्हणजे आरोपींच्या बाजूचा पुरावा प्रारंभापासून शासनाच्याच दप्तरी होता. जमातीच्या नावावर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला असला, तरी संशय प्रथम कोणावर जातो हे येथे दिसतेच.

प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई आणि दोषी तपास-अधिकाऱ्यांवर कारवाई, असे आदेश न्यायालयाने दिले. सोळा वर्षांच्या कारावासाच्या मानाने ही रक्कम अल्पच. तीही न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून. न्यायालये १९८३ च्या रुदुल शाह प्रकरणापासून घटनात्मक अधिकारात भरपाई देत आली आहेत, कायद्याने ठरविलेला हक्क म्हणून नव्हे. विधी आयोगाने २०१८ मधील २७७ व्या अहवालात याबाबत वैधानिक तरतूद व विशेष न्यायालये सुचविली. तसा कायदा अद्याप झालेला नाही.