प्राध्यापकाची उमेदवारी

माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवू इच्छिणाऱ्या पदवीधराला बी. टी. ची, आणि पुढच्या काळात बी. एड. ची, पदवी घ्यावी लागे. ती घेताना त्याला परक्या शाळेत सरावाचे पाठ द्यावे लागत. मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक पाठाचे टाचण पुढ्यात घेऊन त्याच्या प्रश्नांची, फळ्यावरील अक्षराची आणि उत्तराची वाट न पाहता पुढे धावण्याच्या घाईची नोंद करी, आणि तास संपल्यावर ती नोंद उमेदवाराला खाली मान घालून ऐकून घ्यावी लागे. तोच पदवीधर एम. ए. होऊन महाविद्यालयात रुजू झाला, तर मात्र शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गापुढे पहिल्याच दिवशी उभे राहण्यास त्या एका दाखल्याखेरीज त्याला कशाचीही गरज पडत नसे. मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली निघाले. प्राध्यापकांसाठी तशी कायमची व्यवस्था होण्यास मात्र १९८७ साल उजाडावे लागले. मधल्या ऐंशी वर्षांचा हा विलंब केवळ सरकारी दिरंगाईचा नव्हता. त्याचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या घडणीतच होते.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात विद्यापीठे काढण्याची तजवीज केली, ती परीक्षा घेऊन पदव्या देणाऱ्या लंडन विद्यापीठाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून. आणि १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ हे त्यामुळे प्रारंभी अध्यापनाचे पीठ असण्यापेक्षा परीक्षांचे दप्तर होते. अभ्यासक्रम आखणे, परीक्षक नेमणे आणि पदव्या देणे ही कामे विद्यापीठाची. शिकविणे हे संलग्न महाविद्यालयांनी आपापल्या परीने करावयाचे. जी संस्था स्वतः शिकवीत नाही तिला शिकविण्याच्या गुणावगुणांची चिकित्सा करण्याचे प्रयोजन नसते, आणि म्हणून अध्यापनाची परीक्षा निकालाच्या आकड्यांत व सचोटीची परीक्षा परीक्षागृहाच्या दारात, अशी सोयीस्कर वाटणी होऊन गेली. १९१७ साली नेमलेल्या सॅडलर आयोगाने परीक्षेने अध्यापनाला ग्रासल्याची तक्रार केली व विद्यापीठांतून शिक्षणशास्त्राचे विभाग काढण्याची शिफारस केली. परंतु त्या विभागांचा लाभ पुढे मुख्यतः शाळेच्या शिक्षकाला झाला, प्राध्यापक त्यांच्या उंबरठ्याबाहेरच राहिला.

या कोरड्या रचनेतही उमेदवारीची एक जुनी वाट पुण्यास होती. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा जो शिरस्ता होता, त्या दक्षिणेच्या रकमेचा काही भाग इंग्रजी अमलात १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळविण्यात आला. पुढे त्याच निधीतून ग्रंथांना बक्षिसे आणि महाविद्यालयांतून ‘दक्षिणा फेलो’ यांच्या जागा निर्माण झाल्या. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे जे पहिले बी. ए. बाहेर पडले, त्यांतील महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. फेलोने आपला पुढील अभ्यास चालू ठेवावयाचा आणि त्याबरोबरच खालच्या वर्गांना शिकवावयाचे, असा या जागेचा सामान्य रिवाज होता. ज्यांच्या हाताखाली आपण काल शिकलो त्यांच्याच नजरेखाली आज शिकवावयाचे, आणि शिकविता शिकविता आपल्या ज्ञानातील भोके आपल्यालाच दिसावयाची, या योजनेला त्या काळी कोणी प्रशिक्षण असे भारदस्त नाव दिले नाही. पण प्रशिक्षणात जे असावे ते बहुतेक सारे तिच्यात होते. १८८५ साली निघालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात ही वाट निराळ्या रूपाने चालू राहिली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद अल्प वेतनावर वीस वर्षांच्या सेवेने बांधलेले असत, आणि गोपाळ कृष्ण गोखले हे गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र यांपैकी जो विषय पडेल तो शिकवून ‘सांगाल त्या विषयाचे प्राध्यापक’ म्हणून विनोदाने ओळखले जात. अशा मंडळींत नवख्याची घडण सहवासाने होई; पण सहवासाने होणारी घडण मंडळी मूठभर असतात तोवरच टिकते.

स्वातंत्र्यानंतर तो मूठभरपणा राहिला नाही. महाविद्यालये तालुक्यातालुक्यांतून निघाली, आणि १९५३ साली स्थापन होऊन १९५६ साली वैधानिक झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगापुढे संख्येचा व गुणवत्तेचा प्रश्न एकदमच उभा राहिला. साठच्या दशकातील उन्हाळी शिबिरांनी विज्ञानाच्या अध्यापकांचे विषयज्ञान ताजे केले; विषय कसा शिकवावा हा प्रश्न तेथे दुय्यमच होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, नवनियुक्त अधिव्याख्यात्यांसाठी उद्बोधनवर्ग भरवावेत असे सुचविले. ती सूचना वीस वर्षे दप्तरात राहिली. रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखालील उच्च शिक्षणविषयक अध्यापक आयोगाने तो विषय पुन्हा ऐरणीवर आणला, १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, आणि अखेर ४८ ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेजां’ना मंजुरी मिळाली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद आणि गोवा येथील विद्यापीठांतूनही ती निघाली.

मात्र ही संस्था जन्मली ती वेतनश्रेणीचा हात धरून. त्याच सुमारास लागू झालेल्या नव्या वेतनश्रेणीत आठ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी मिळण्यासाठी या कॉलेजांतील अशा दोन वर्गांची अट होती, आणि ‘ओरिएंटेशन झाले, रिफ्रेशर राहिला’ हे वाक्य तेव्हापासून स्टाफरूममध्ये बढतीच्या हिशेबाचे वाक्य म्हणून रूढ झाले. ओरिएंटेशन म्हणजे उद्बोधनवर्ग चार आठवड्यांचा, १४४ तासांचा. समाज व पर्यावरण, शिक्षणाचे तत्त्वज्ञान व अध्यापनशास्त्र, विषयज्ञानाची साधने, आणि व्यवस्थापन व व्यक्तिमत्त्व असे चार खंड. उदगीर किंवा गडहिंग्लजसारख्या गावचा अध्यापक ड्यूटी लीव्ह घेऊन विद्यापीठाच्या अतिथिगृहात उतरे, ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर पारदर्शिका उलटी पडली की हसे, आणि दुपारच्या व्याख्यानात पेंगे. हे वर्णन विडंबनाचे वाटले तरी न्याय करावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: बढतीची अट नसती तर कोणत्याही संस्थाचालकाने आपला अध्यापक महिनाभर सोडला नसता, आणि आपल्या विषयाचे ग्रंथालय पहिल्यांदाच पोटभर पाहण्याची, निराळ्या विद्यापीठातील माणसांशी रात्री उशिरापर्यंत वाद घालण्याची संधी त्या महिन्यानेच कित्येकांना दिली. उणीव होती ती एवढीच, की या १४४ तासांत बहुधा कोणीही त्या अध्यापकाच्या स्वतःच्या वर्गात, त्याच्या विद्यार्थ्यांमध्ये बसून त्याला शिकविताना ऐकत नसे. हजेरीपट भरे, वर्ग अदृश्यच राही.

तंत्रसाधनांनीही हीच रीत पुढे चालविली. १५ ऑगस्ट १९८४ पासून इन्सॅट उपग्रहाच्या द्वारे दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे देशव्यापी वर्ग सुरू झाले. पुणे विद्यापीठातील माध्यमकेंद्रातही त्यासाठी कार्यक्रम तयार होत. त्यांतील चांगले कार्यक्रम खरोखर चांगले होते, परंतु बव्हंशी इंग्रजीत आणि विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची सोय नसलेले. २०१७ साली ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले, पुढल्याच वर्षी अध्यापकांचे उजळणीवर्गही त्यावर आले, आणि २०२० च्या टाळेबंदीत ते वर्ग घरबसल्या पडद्यावर होऊ लागले. रात्रीचा वाद त्यात हरवला, प्रमाणपत्र मात्र वेळेवर मिळू लागले. २०१५ साली स्टाफ कॉलेजांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली होती. २०२३ साली त्यांची मालवीय मिशन अध्यापक प्रशिक्षण केंद्रे झाली.

शैक्षणिक सचोटीचा इतिहास अध्यापनाच्या या इतिहासाला समांतर आहे. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने १९८२ साली कायदा केला, तेव्हा संशयाचा रोख मुख्यतः परीक्षागृहाकडे आणि परीक्षार्थीकडे होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकाच्या बढतीसाठी गुणांची मोजणी, म्हणजे ‘एपीआय’, लागू केली. प्रत्येक शोधनिबंधाला गुण मिळू लागताच पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार भरला, आणि २०१८ च्या मे महिन्यात आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली. त्याच वर्षीच्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीस, साठ अशा पायऱ्या ठरविल्या. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य साम्य मोजणीतून वगळले. आणि अध्यापकाच्या स्वतःच्या प्रकाशनात गंभीर चौर्य ठरल्यास त्याची वेतनवाढ रोखण्याची तरतूद केली. चांगल्या नियतकालिकांची नवी यादी ठेवण्याची कामगिरी पुण्याच्या विद्यापीठाकडे आली. ती ‘केअर’ यादीही २०२५ साली बंद झाली. वाङ्मयचौर्याच्या त्या नियमांत प्रत्येक सत्रात प्रबोधनवर्ग घेण्याची सक्तीही आहे, पण टक्केवारीचा आकडा हाती असला की प्रबोधनाची आठवण कोणाला राहते? ‘सतरा टक्के आले, नऊवर आणून द्या’ हा संवाद आज संशोधनकेंद्रांतून ऐकू येतो, आणि वाक्ये उलटीपालटी करून तो आकडा खाली येतोही. विचार कोणाचा, हा प्रश्न मात्र यंत्राने विचारलेलाच नसतो.

आता यंत्रच निबंध लिहू लागले आहे आणि साम्याची टक्केवारी शून्यावर आली तरी लेखन विद्यार्थ्याचे असेल याची हमी उरलेली नाही. या प्रसंगी आणखी एक वर्ग, आणखी एक प्रमाणपत्र ही तजवीज आपण सवयीने करू. पण दीडशे वर्षांच्या या इतिहासातून काही शिकावयाचे असेल तर ते असे, की अध्यापनाची आणि सचोटीची घडण जेथे जेथे झाली तेथे एका जाणत्या माणसाने दुसऱ्याचे काम जवळून पाहिले होते, आणि जेथे पाहण्याची जागा मोजणीने घेतली तेथे मोजणीपुरतेच काम झाले. विद्यार्थ्याचा निबंध त्याच्या तोंडून समजून घेण्यास वेळ लागतो, नव्या अध्यापकाच्या वर्गात मागच्या बाकावर वडीलधाऱ्या सहकाऱ्याने बसण्यासही वेळ लागतो; विद्यापीठांनी आजवर वेतनवाढीसाठी, उपग्रहासाठी आणि संगणकप्रणालीसाठी पैसा मंजूर केला आहे, या वेळेसाठी मात्र अंदाजपत्रकात सदर उघडलेले नाही. ते उघडणे हीच पुढच्या सुधारणेची पहिली बाब असावी.